घराच्या अंगणातली जगाची गोष्ट: ऑडिओ डॉक्युमेंटरी कशी करावी

कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की थोड्याच वेळात वळिवडे स्टेशन लागतं. १९४३ ते १९४८ या काळात इथल्या छावणीत सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहत होते, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशियानं पोलंड वाटून घेतला. पुढच्या वर्षी लाखो लोकांना सैबेरिया आणि कझाकस्तानात धाडलं गेलं. १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे त्यातले काही पंचगंगेच्या काठी आले. ती छावणी रिकामी होत गेली, तशी फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं तिथं वसली. तेच आजचं गांधीनगर. आपण तिथं लग्नाचा बस्ता बांधायला जातो, पण त्या जागेनं दोन महाउलथापालथी पाहिल्यात.

अशा गोष्टी आवाजात पकडायला स्टुडिओ लागत नाही. आकाशवाणीवर ज्याला रूपक म्हणतात, तसं पंधरा मिनिटांचं काम मोबाइल, इअरफोन आणि एक वही एवढ्यावर होतं. वेळ मात्र भरपूर लागतो.

१. विषय नको, माणूस शोधा

‘फाळणी’ हा विषय झाला. ‘महिन्याभरात परत येऊ म्हणून आईनं लोणच्याची बरणी भरून फळीवर ठेवली आणि कराचीहून मुंबईची बोट धरली’ ही गोष्ट झाली. वहीत एकच वाक्य लिहा: कुणाला काय हवं होतं आणि आडवं काय आलं. ते वाक्य जमत नसेल तर अजून माणूस सापडलेला नाही.

घटना जुनीच हवी असं नाही. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हा तिथं डॉक्टरकीला गेलेल्या मुलांच्या आया इथं रात्रभर फोन उशाशी घेऊन बसल्या होत्या. त्या युद्धाची एक बाजू त्यांच्याकडेच आहे.

२. आधी तारखा पक्क्या करा

भेटायला जाण्यापूर्वी घटनाक्रम वाचून काढा. सांगणाऱ्याच्या आठवणीत साल चुकलं तर तिथंच टोकू नका. बोलण्याचा धागा तुटतो. खरं साल नंतर निवेदनात सांगता येतं.

३. पहिल्या भेटीत मोबाइल खिशात

चहा घ्या, अल्बम बघा, नातवंडांची चौकशी करा. आजी मूळ हकिगतीकडे वळायला लागल्या तर हळूच सांगा, “हे पुढच्या वेळी नीट बसून ऐकायचंय.” पहिल्यांदा सांगताना माणूस शब्द शोधतो, अडखळतो, मधेच हसतो. दुसऱ्यांदा तीच हकिगत गुळगुळीत होऊन येते. म्हणून पहिलं सांगणं रेकॉर्डिंगसाठी राखून ठेवायचं.

४. रेकॉर्डिंग

सगळ्यात जास्त कष्ट इथं घ्या. गाद्या, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली खोली निवडा. मोकळ्या फरशीच्या हॉलमध्ये आवाज घुमतो. पंखा, टीव्ही आणि फ्रिज बंद करा, आणि निघताना फ्रिज आठवणीनं चालू करा. कुकरची वेळ टाळा. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका. तो तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला धरा. अगदी समोर धरला तर ‘प’ आणि ‘फ’ फुटतात. सोय असेल तर वेव्ह (WAV) स्वरूपात, म्हणजे फाइल लहान करण्यासाठी आवाजाचा दर्जा न घटवता, रेकॉर्ड करा. आधी मिनिटभर रेकॉर्ड करून इअरफोननं ऐकून बघा.

गांधीनगरच्या एका आजींकडे गेले तेव्हा मे महिना होता. त्यांना उकडू नये म्हणून मी पंखा चालू ठेवला. घरी येऊन ऐकलं तर तासभर नुसती घरघर, आणि तिच्यामागे कुठेतरी आजी. आता मी उन्हाळ्यात सकाळी सातची वेळ मागते.

“तेव्हा कसं वाटलं?” असं विचारलंत तर “लई वाईट वाटलं” एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा: त्या दिवशी चूल कुणी पेटवली? अंगावर काय होतं? बोटीत खायला काय मिळालं? उत्तर संपलं असं वाटलं तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात दहापर्यंत मोजा. खरं बोलणं पुष्कळदा त्या शांततेनंतर येतं. डोळे भरून आले तर थांबा, पाणी द्या आणि पुढं बोलायचं का ते त्यांनाच ठरवू द्या.

उठण्यापूर्वी कुणीही न बोलता त्या खोलीचा मिनिटभर आवाज घ्या. जोडकामात दोन वाक्यांमधली फट त्यानंच बुजते. मग बाहेर पडून जागेचे आवाज घ्या: स्टेशनात शिरणारी गाडी, दुकानात कापड फाडल्याचा आवाज, संध्याकाळची घंटा. पण गोष्टीशी नातं असेल तेच वापरा. कोल्हापूर म्हणून ढोल-ताशा घुसडू नका.

५. कागदावर जोडणी

दोन तासांचं बोलणं जसंच्या तसं उतरवून काढा. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही. कामाच्या वाक्यांवर खूण करा, पानं कापा आणि जमिनीवर मांडून क्रम लावा. सुरुवात प्रसंगानं करा. इतिहास नंतर, दोन-तीन वाक्यांचाच, आणि तोही आजींना तेव्हा माहीत असणं शक्य नव्हतं तेवढा. एका श्वासात एकच आकडा. दुसऱ्या भाषेतलं बोलणं असेल तर मूळ आवाज काही क्षण ऐकू द्या, मग तो हळू करून वर मराठी बोला.

६. संकलन

ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. कापताना श्वास कापू नका. श्वास गेला की माणूस यंत्रासारखा वाटतो. सगळ्यात मोठा आवाज सॉफ्टवेअरच्या आवाजमापक पट्टीवर उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा; शून्याच्या वर गेला की तो फाटतो. रडण्याच्या जागी व्हायोलिन लावायचा मोह होतो, तो आवरा. तयार झालेला भाग एकदा एसटीत बसून साध्या इअरफोननं ऐका. तिथं शब्द कळले नाहीत तर निवेदन अजून सोपं करायला हवं.

७. परवानगी आणि जतन

परवानगी दोनदा घ्यावी: सुरुवातीला, रेकॉर्डिंगवरच, आणि मग तयार भाग त्यांना ऐकवून. नको म्हटलेलं वाक्य काढून टाकायचं, ते कितीही सुंदर असलं तरी.

मूळ रेकॉर्डिंगच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात. फाइलच्या नावात तारीख घाला. बिघडलेलंही पुसू नका. त्या आजींकडे मी पुन्हा जाऊन सगळं स्वच्छ रेकॉर्ड केलं आणि तेच वापरलं. पण त्यांच्या नातवानं पंख्याच्या घरघरीतली पहिली फाइल मागून घेतली, कारण लोणच्याच्या बरणीबद्दल सांगताना आजी मधेच त्यांच्या आईच्या सिंधीत बोलल्या होत्या, आणि ते दुसऱ्या वेळी आलं नव्हतं.