जुन्या संगणकाचा सर्व्हर कसा करावा

सर्व्हर उभारायचा म्हटले की आधी महागडे यंत्र घेण्याचा सल्ला मिळतो. तो मनावर घेऊ नये. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या संशोधन संस्थेत पहिला वेब सर्व्हर चालवला तो टेबलावरच्या नेक्स्ट संगणकावर, आणि हे यंत्र बंद करू नये अशी चिठ्ठी त्यावर चिकटवली होती. इतर संगणकांकडून येणाऱ्या विनंतीची वाट पाहत अखंड चालणारा प्रोग्राम ज्या यंत्रावर आहे, ते यंत्र सर्व्हर. दोन पॉवर सप्लाय, स्मृतीतल्या चुका दुरुस्त करणारी ईसीसी रॅम, यंत्र चालू असतानाच बदलता येणाऱ्या डिस्क ही वैशिष्ट्ये खरी, पण ती सेवा खंडित होऊ नये म्हणून असतात.

डेबियन लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टम डेस्कटॉपशिवाय, म्हणजे खिडक्या-चित्रांच्या पडद्याशिवाय, इन्स्टॉल करावी. यंत्र केबलने राउटरला जोडावे आणि राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, राखून ठेवावा. मग हवा तो सर्व्हर प्रोग्राम बसवावा.

खरी अडचण यानंतर येते. प्रोग्राम चालू दिसतो, त्याच यंत्रावर वेबपान उघडते, पण शेजारच्या संगणकावरून काहीच दिसत नाही. अशा वेळी, नको असलेल्या विनंत्या अडवणारी ‘फायरवॉल बंद करून पाहा’ असे सांगणाऱ्याचे मुळीच ऐकू नये, कारण त्याने कारण कळत नाही आणि बंद केलेली फायरवॉल बहुधा तशीच राहून जाते.

आधी प्रोग्राम कोणत्या पत्त्यावर ऐकतो आहे ते ‘एसएस’ (ss) या कमांडने तपासावे. पोर्टच्या, म्हणजे यंत्रावरच्या त्या सेवेच्या दाराच्या क्रमांकाच्या, अलीकडे १२७.०.०.१ दिसले, तर तो फक्त स्वतःच्या यंत्राचेच ऐकतो. बाहेरची विनंती त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. पुष्कळ प्रोग्राम सुरक्षिततेसाठी मुळात असेच बसवलेले असतात. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये त्या जागी ०.०.०.० म्हणजे यंत्राचे सर्व आयपी पत्ते, किंवा राखून ठेवलेला पत्ता लिहावा आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करावा.

त्यानंतरही अडले, तर पडद्यावर आलेला एरर मेसेज नीट वाचावा. मला यानेच सर्वांत जास्त वेळा वाट सापडली आहे. कनेक्शन ताबडतोब नाकारले गेले, तर विनंती यंत्रापर्यंत पोहोचली पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही, असे बहुधा समजावे. बराच वेळ थांबून मुदत संपली, तर विनंती वाटेतच गिळली गेली आहे. तेव्हा आयपी पत्ता पडताळावा आणि फायरवॉलमध्ये तेवढाच एक पोर्ट उघडावा. साध्या वेबसाठी तो ८०, एन्क्रिप्ट केलेल्या वेबसाठी ४४३.

राउटरमधून इंटरनेटवरच्यांना यंत्रापर्यंत येण्याची वाट उघडण्याची घाई करू नये. दुसऱ्या संगणकावरून यंत्रात लॉगिन करण्याच्या एसएसएच या सोयीचा २२ क्रमांकाचा पोर्ट पासवर्डसह बाहेर उघडा ठेवला, की स्वयंचलित प्रोग्राम पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न सुरू करतातच. म्हणून आधी की-जोडीने (पासवर्डऐवजी वापरायच्या दोन जुळणाऱ्या फायलींनी) लॉगिन सुरू करून पासवर्डचा मार्ग बंद करावा.

शेवटी यंत्र रीस्टार्ट करावे आणि त्यात लॉगिन न करता दुसऱ्या संगणकावरून पान उघडावे. ते उघडले नाही, तर सेवा बूटबरोबर आपोआप सुरू होण्याची सोय ‘सिस्टमसीटीएल’ (systemctl) कमांडने करून पुन्हा रीस्टार्ट करावे.