स्टार पिचर ट्रेड करावा का? वाद घालताना या चुका टाळा

जुलै लागतो, अमेरिकन बेसबॉलमधला एखादा संघ आठ-दहा सामन्यांनी मागे पडतो आणि चाहत्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, एसला (संघाच्या सर्वोत्तम पिचरला, म्हणजे गोलंदाजाला) विका आणि पोरं आणा. दुसरा म्हणतो, त्याच्या केसाला धक्का लावाल तर खबरदार. तावातावाने भांडतात दोघेही, कागद-पेन्सिल मात्र कुणीच घेत नाही. 2025-26 च्या हिवाळ्यात डेट्रॉइट टायगर्सच्या टारिक स्कूबलवरून हेच चाललं होतं. पिट्सबर्गमध्ये पॉल स्कीन्सचा विषय निघाला की हेच चालतं. माणसं बदलतात, चुका त्याच. क्रिकेटवर वाढलेली आपली मंडळी तर त्यात खास घरच्या दोन-तीन चुकांची भर घालतात.

कंट्रोल किती उरलाय हे न बघता भाव सांगणं

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक ही. "क्रिस सेलला विकून योआन मोंकाडासारखा खेळाडू मिळाला होता, मग आपल्यालाही तसाच मिळायला हवा," हे वाक्य दर हंगामात ऐकू येतं. अरे, पण सेलचे हंगाम किती उरले होते, ते आधी बघा!

समोरचा संघ किंमत मोजतो ती पिचरच्या उरलेल्या हंगामांची, म्हणजे तो संघाच्या हक्कात राहण्याच्या काळाची. यालाच कंट्रोल म्हणतात. मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या) रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीवर, किंवा दुखापतींच्या यादीवर 172 दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात. अशी सहा वर्षं झाली की खेळाडू फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा. त्यातली पहिली तीन वर्षं साधारण किमान पगारात जातात (2025 मध्ये तो 7 लाख 60 हजार डॉलर होता), पुढची तीन आर्बिट्रेशनमध्ये, म्हणजे पगार चढत जातो पण खेळाडू हलत नाही. संघाला पिचर बाजारभावापेक्षा स्वस्तात मिळतो तो याच काळात, आणि ट्रेडमध्ये (खेळाडूंच्या अदलाबदलीत) मोल असतं ते या स्वस्ताईला.

आता तीन सौदे शेजारी शेजारी ठेवा. डिसेंबर 2016 मध्ये व्हाइट सॉक्सने क्रिस सेल बॉस्टनला दिला तेव्हा त्याचे तीन हंगाम उरले होते. बदल्यात योआन मोंकाडा आला, जो तेव्हा अनेक याद्यांत बेसबॉलमधला पहिल्या क्रमांकाचा प्रॉस्पेक्ट (होतकरू तरुण खेळाडू) होता, सोबत मायकल कोपेक आणि आणखी दोघे. डिसेंबर 2024 मध्ये त्याच व्हाइट सॉक्सने त्याच बॉस्टनला गॅरेट क्रोशे दिला, दोन हंगाम शिल्लक असताना. काइल टील, ब्रेडन माँटगोमरी, चेस माइड्रॉथ आणि विकेलमन गोन्झालेस असे चार प्रॉस्पेक्ट आले, पण मोंकाडाच्या तोडीचं नाव त्यात नव्हतं. फेब्रुवारी 2024 मध्ये मिल्वॉकीने कॉर्बिन बर्न्स बाल्टिमोरला दिला. साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) जिंकलेला पिचर, पण हंगाम उरला होता एकच. मिळालं काय, तर जोई ऑर्टिझ, डीएल हॉल आणि ड्राफ्टमधली (संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्यातली) 34 वी निवड. बर्न्स सेलपेक्षा वाईट पिचर होता म्हणून नव्हे, घड्याळात वेळच तेवढी उरली होती म्हणून.

स्कूबल 2026 नंतर फ्री एजंट, म्हणून हिवाळ्यात त्याची तुलना बर्न्सशीच करायला हवी होती. सलग दोन साय यंग आहेत, तर भाव बर्न्सच्या वर मागा, जरूर मागा. पण मोंकाडा आणि कोपेक मागितले तर समोरचा जनरल मॅनेजर फोन ठेवून देईल.

स्कीन्सच्या बाबतीत उलटी चूक होते. त्याचं पदार्पण 11 मे 2024 ला झालं, म्हणजे त्या वर्षी 172 दिवस भरलेच नाहीत, म्हणजे तो 2030 पर्यंत पिट्सबर्गचा, असं गणित लोक मांडतात. पण लीग आणि खेळाडू संघटनेच्या 2022 च्या करारात तरतूद आहे की रूकी ऑफ द इयरच्या (वर्षातल्या सर्वोत्तम नव्या खेळाडूच्या) मतदानात पहिल्या दोघांत आलेल्या खेळाडूला पूर्ण वर्षाची सेवा मिळते. स्कीन्स पहिला आला. त्यामुळे कंट्रोल 2029 पर्यंतच. असला तपशील चुकला की एका अख्ख्या हंगामाची किंमत चुकते.

एकच हंगाम उरलेला असेल तर तीन वाटा असतात, आणि तिन्हींचा भाव वेगळा. हिवाळ्यात विकला तर घेणाऱ्याला साधारण 32 स्टार्ट (पिचरने सुरुवात केलेले सामने) मिळतात, शिवाय हंगामाअखेर क्वालिफायिंग ऑफर (ठरलेल्या रकमेचा एक वर्षाचा करार) देण्याचा हक्क मिळतो. 2025-26 साठी ही ऑफर 2 कोटी 20 लाख 25 हजार डॉलरची होती. पिचरने ती नाकारून दुसरीकडे सही केली की आधीच्या संघाला भरपाईची ड्राफ्ट निवड. जुलैअखेर विकला तर घेणाऱ्याच्या वाट्याला जेमतेम 11-12 स्टार्ट आणि ऑक्टोबर (प्लेऑफचे, म्हणजे बाद फेरीचे सामने) येतो. क्वालिफायिंग ऑफरचा हक्क तर गेलाच, कारण हंगामाच्या मध्ये संघ बदललेल्या खेळाडूला ती देताच येत नाही. तिसरी वाट ठेवून घेण्याची. तेव्हा हातात उरते ती फक्त भरपाईची निवड. म्हणून "जुलैपर्यंत थांबू, भाव वाढेल" हे फार कमी वेळा खरं ठरतं. कोपर तेवढे दिवस धड राहील याचीही शाश्वती नसते. बर्न्सनेच ॲरिझोनाशी सहा वर्षांचा 21 कोटी डॉलरचा करार केला आणि पहिल्याच हंगामात, जून 2025 मध्ये, त्याची टॉमी जॉन (कोपराची) शस्त्रक्रिया झाली. त्यातून परतायला 12 ते 18 महिने जातात.

उपाय साधा आहे. पिचरचं नाव घेण्याआधी कागदावर दोन आकडे लिहा, उरलेले हंगाम आणि त्या प्रत्येक हंगामाचा अंदाजे पगार. हे दोन आकडे ज्याला माहीत नाहीत त्याच्याशी मी वाद घालत नाही.

पहिल्या नावावरून पॅकेज तोलणं

ट्रेडची बातमी येते, लोक यादीतलं पहिलं नाव वाचतात आणि निकाल देऊन मोकळे होतात. खालच्या नावांना "भरताड" म्हणायची पद्धत आहे. त्या भरताडाने किती जनरल मॅनेजरांची झोप उडवली, ते बघा.

जुलै 2008. क्लीव्हलंडने सीसी सबॅथिया मिल्वॉकीला दिला. आदल्या वर्षीचा साय यंग विजेता, हंगामाअखेर फ्री एजंट. पॅकेजचा चेहरा होता मॅट लापोर्टा, 2007 च्या ड्राफ्टमधली सातवी निवड, ताकदवान फलंदाज. त्यामागे झॅक जॅक्सन आणि रॉब ब्रायसन. आणि शेवटी एक "नाव नंतर ठरणारा खेळाडू". चर्चा सगळी लापोर्टाची. सबॅथियाने मिल्वॉकीसाठी 11-2 (विजय-पराजय), ईआरए (नऊ इनिंग्जमागे पिचरच्या खात्यावरच्या धावा, कमी तितका चांगला) 1.65 आणि सात कम्प्लीट गेम (एकट्याने पूर्ण टाकलेले सामने) असा धुमाकूळ घातला, आणि तो संघ 1982 नंतर प्रथमच प्लेऑफमध्ये गेला. इकडे लापोर्टा 2009 ते 2012 एवढंच टिकला. ते शेवटचं कोरं नाव ऑक्टोबरमध्ये भरलं गेलं: मायकल ब्रँटली. 2014 मध्ये त्याने .327 ची सरासरी आणि 200 हिट काढले, एमव्हीपीच्या (सर्वांत मौल्यवान खेळाडूच्या) मतदानात तिसरा आला. ट्रेडच्या दिवशी निकाल लावणाऱ्यांपुढे तर त्याचं नावही नव्हतं.

बरोबर दहा वर्षांनी पिट्सबर्गने तोच खड्डा दुसऱ्या बाजूने गाठला. 31 जुलै 2018 ला त्यांनी टॅम्पा बेकडून क्रिस आर्चर घेतला. करार स्वस्त, करार वाढवण्याचे क्लबचे पर्याय धरून कंट्रोल 2021 पर्यंत, म्हणजे वर सांगितलेली अट झकास पुरी. पण आर्चरचा ईआरए 2016 पासून चारच्या वर होता, आणि "स्ट्राइकआउट (बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद करणं) बघा की, ईआरए दुर्दैवी आहे" असं म्हणत सगळे त्यावर पांघरूण घालत होते. पिट्सबर्गने टायलर ग्लासनाव आणि ऑस्टिन मेडोज दिले आणि वर एक नंतर ठरणारा खेळाडू. ग्लासनाव तेव्हा पिट्सबर्गच्या बुलपेनमध्ये (सामन्याच्या मध्ये येणाऱ्या पिचरांत) चाचपडत होता, म्हणून त्याला लोकांनी मोडीत काढलं होतं. टॅम्पाने त्याला थेट रोटेशनमध्ये (आळीपाळीने सामना सुरू करणाऱ्या पिचरांत) घातलं, आणि 2019 मध्ये बारा स्टार्टमध्ये त्याचा ईआरए 1.78 होता. मेडोज त्याच वर्षी ऑल-स्टार झाला. नंतर ठरलेला खेळाडू निघाला शेन बाझ, 2017 च्या ड्राफ्टमधली बारावी निवड. आणि आर्चर? 2019 मध्ये ईआरए 5.19, 2020 चा हंगाम शस्त्रक्रियेत गेला.

म्हणून यादी नेहमी खालून वर वाचावी. खालच्या प्रत्येक पोराबद्दल तीन गोष्टी शोधायच्या: वय, कोणत्या स्तरावर खेळतोय, आणि त्याचा आत्ताचा संघ त्याला चुकीचं वापरतोय का. तिसऱ्या प्रश्नाला वेळ लागतो, सामने बघावे लागतात. नवशिक्यांना तेवढा दम नसतो. त्यांना टॉप-100 ची यादी हवी असते आणि पाच मिनिटांत निकाल हवा असतो.

आयपीएलचं गणित इथे लावणं

नोव्हेंबर 2023 मध्ये हार्दिक पांड्या गुजरातकडून मुंबईकडे निव्वळ रोखीत आला, त्यामुळे "एवढे डॉलर टाका आणि उचला" असं आपल्या लोकांना सहज वाटतं. मेजर लीगमध्ये स्टार पिचर रोखीने विकणं जवळजवळ अशक्य. जून 1976 मध्ये ओकलंडच्या चार्ली फिनलीने व्हायडा ब्लू यांकीजला 15 लाख डॉलरला, तर रॉली फिंगर्स आणि जो रूडी बॉस्टनला प्रत्येकी 10 लाखांना विकले होते. कमिशनर बोई कून यांनी बेसबॉलच्या हिताचं कारण देऊन ते व्यवहार रद्द केले. पैसे आजही सौद्यात फिरतात, पण ते पगाराचा भार वाटून घ्यायला.

दुसरं म्हणजे "त्यांची पहिल्या फेरीची निवड मागा." मागता येत नाही. ड्राफ्टच्या नेहमीच्या निवडी ट्रेड होत नाहीत. फक्त कॉम्पिटिटिव्ह बॅलन्सच्या (छोट्या बाजारपेठेच्या किंवा कमी उत्पन्नाच्या संघांना मिळणाऱ्या जादा) निवडी होतात, त्याही एकदाच. बर्न्सच्या सौद्यातली 34 वी निवड त्याच जातीची.

नकाराचा हक्क विसरणं

दहा वर्षं सेवा आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात झाली की खेळाडू कुठलाही ट्रेड नाकारू शकतो. शिवाय काहींच्या करारातच तसं कलम असतं. 2017 मध्ये जस्टिन व्हरलँडरकडे असा पूर्ण हक्क होता. 31 ऑगस्टच्या रात्री टायगर्स आणि ॲस्ट्रोजचं सगळं ठरलं होतं, अडलं होतं ते त्याच्या होकारासाठी, आणि तो आला मुदतीला काही सेकंद उरले असताना. डेट्रॉइटने वर 1 कोटी 60 लाख डॉलर दिले आणि फ्रँकलिन पेरेझ, डॅझ कॅमेरॉन आणि जेक रॉजर्स घेतले. पॅकेजचा चेहरा असलेला पेरेझ दुखापतींमुळे मेजर लीगपर्यंत पोहोचलाच नाही. टिकला कॅचर रॉजर्स, जो पुढे स्कूबलचे चेंडू झेलू लागला. पुन्हा तेच, यादी खालून वाचा.

असा हक्क असलेल्या पिचरसाठी तीस संघांशी सौदे रंगवणं म्हणजे वेळ घालवणं. तो जिथे जायला तयार आहे ते दोन-तीन संघ धरा. त्यांनाही हे ठाऊक असतं, त्यामुळे ते भाव पाडूनच बोलतात.

बाकीच्या, थोडक्यात

जय-पराजयाच्या आकड्यावरून पिचर तोलू नका. स्कीन्स 2025 मध्ये 10-10 होता, ईआरए 1.97, आणि साय यंग एकमताने त्याचा.

एफआयपी (क्षेत्ररक्षण बाजूला ठेवून पिचरचं मोजमाप) जरूर बघा. होमरनला 13 ने, वॉक (चार खराब चेंडूंवर फुकट बेस) आणि हिट-बाय-पिचला (बॅटरला चेंडू लागणं) 3 ने गुणायचं, त्यातून स्ट्राइकआउटची दुप्पट वजा करायची, इनिंग्जने भागायचं आणि साधारण 3.10 चा स्थिरांक मिळवायचा. पण एफआयपी छान आणि ईआरए सलग तीन वर्षं वाईट असेल तर ते दुर्दैव नाही. आर्चर आठवा.

चार मध्यम खेळाडू मिळून एक एस होत नाही. शिवाय ते 40 जणांच्या रोस्टरवर असतील तर ते चौघे घेणाऱ्याला जागा करायला स्वतःची माणसं सोडावी लागतात.

ऑनलाइन ट्रेड कॅल्क्युलेटरचा आकडा हा पुरावा नव्हे. हे यंत्र उरलेल्या हंगामांचं अंदाजे मूल्य काढून पगार वजा करतं, बस. कोणत्या संघाला या ऑक्टोबरमध्ये डावखुरा स्टार्टर हवाच आहे, हे त्याला कळत नाही. हिशेब सुरू करायला ठीक, पण ज्यांना हिशेब करायचाच नसतो तेच ते जास्त वापरतात.

"विकला म्हणजे हंगाम सोडला" हेही सरसकट खरं नाही. मिल्वॉकीने बर्न्स दिला आणि त्याच 2024 मध्ये डिव्हिजन (आपला गट) जिंकली. टॅम्पाने वर्ल्ड सिरीज (अंतिम मालिका) खेळून दोन महिने होतात न होतात तोच ब्लेक स्नेल सॅन डिएगोला दिला आणि 2021 मध्ये 100 सामने जिंकले. गंमत म्हणजे स्नेलच्या बदल्यात आलेल्या लुईस पॅतीन्यो आणि फ्रान्सिस्को मेहियाने फारसं काही केलं नाही, आणि स्नेलने 2023 मध्ये दुसरं साय यंग मिळवलं. सौदा फसला तरी संघ तरला, कारण संघ एका पिचरवर उभा नव्हता. तुमचा कशावर उभा आहे ते तपासा.

पिचर एकदा पडला म्हणजे संपला, असं मानून त्याला फुंकून टाकू नका. बॉस्टनने डिसेंबर 2023 मध्ये सेल पदरचे पैसे घालून अटलांटाला दिला, व्हॉन ग्रिसमच्या बदल्यात. पुढच्या वर्षी सेल 18-3, ईआरए 2.38, साय यंग.

2026 च्या पुढचे कंट्रोलचे हिशेब पेन्सिलीने लिहा. सध्याचा कामगार करार 1 डिसेंबर 2026 ला संपतोय, त्यानंतर सेवेचे नियम हेच राहतील असं गृहीत धरू नका.

आणि ट्रेडच्या मुदतीच्या शेवटच्या दिवसाबद्दल. ऑगस्टमधले वेव्हर ट्रेड (मुदतीनंतर वेगळ्या वाटेने होणारे सौदे) 2019 पासून बंद आहेत, त्यामुळे व्हरलँडरसारखा 31 ऑगस्टचा सौदा आता होत नाही. 2022 पासून मुदत संपते ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी 6 ला, म्हणजे पुण्यात पहाटे साडेतीनला. तोपर्यंत जागे राहिलात तर साडेतीनला लगेच फोन बाजूला टाकू नका. मुदतीआधी लीगकडे नोंदवलेले सौदे बाहेर यायला त्यानंतरही थोडा वेळ लागतो, आणि "एस राहिला" म्हणून जल्लोष करणारे बहुतेक त्याच वेळात तोंडावर पडतात.