जुनी नोट ओळखताना आधी सही वाचा, मग कागद

जुनी नोट हाती आली की बहुतेक जण तिच्यावर वर्ष शोधतात. पण रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर छपाईचं वर्ष येऊ लागलं ते २००५ पासून. त्याआधीच्या नोटेचा काळ ठरतो तो सहीवरून.

आधी नोट कुणी काढली ते वाचा. ‘गव्हर्नमेंट ऑफ इंडिया’ आणि पंचम जॉर्ज असतील, तर पाच-दहा रुपयांची नोट रिझर्व्ह बँकेच्या स्वतःच्या नोटांआधीची. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ साली छपाई सुरू झाली ती याच काळातल्या पाच रुपयांच्या नोटेने. रिझर्व्ह बँकेची पहिली नोट जानेवारी १९३८ची: पाच रुपये, सहावा जॉर्ज, सही तेव्हाचे गव्हर्नर जे. बी. टेलर यांची. त्यांच्यानंतर चिंतामणराव देशमुख. देशमुखांची सही असेल तर राजाचा चेहरा नीट बघा. आधीच्या नोटांवर तो एका बाजूने दिसतो, नंतरच्यांवर समोरून. युद्धकाळात जपान्यांनी हुबेहूब बनावट नोटा काढल्या म्हणून हा बदल झाला आणि त्याच वेळी नोटेत सुरक्षा धागा आला.

एक रुपयाचं गणित निराळं. ती सरकारची नोट, सही अर्थ सचिवांची. मनमोहन सिंग यांची सही म्हणूनच एक रुपयावर सचिव या नात्याने मिळते आणि मोठ्या नोटांवर गव्हर्नर म्हणून. के. जी. आंबेगावकर १९५७ साली जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते. त्यांची सही फक्त एक रुपयाच्या नोटेवर आहे. त्यांच्या सहीची दहाची नोट कुणी दाखवली, तर व्यवहार तिथेच थांबवा.

आता कागद. सराफ बाजारात मिळतं तसं दहापट भिंग घ्या. अस्सल नोटेतली बारीक रेघ सलग दिसते, स्कॅन करून छापलेलीत रंगीत ठिपके दिसतात. जलचिन्ह उजेडासमोर धरल्यावरच उमटायला हवं. नोट टेबलावर तिरपी धरूनही ते दिसत असेल, तर ते वरून छापलेलं आहे. अतिनील टॉर्चखाली जुना कागद मंद राहतो. निळसर चमकला तर कागद नवा आहे, किंवा अस्सल नोट साबणाच्या पावडरीत धुतलेली आहे. दोन्ही बाबतींत किंमत पडते.

धुणं, इस्त्री, सेलोटेप हे तिन्ही टाळाच. इस्त्रीने घडी सपाट होते, पण तुटलेले तंतू तिरप्या उजेडात दिसतातच, शिवाय कागदाचा मूळ खरखरीतपणा जातो. डावीकडची स्टेपलची भोकं मात्र मनाला लावून घेऊ नका. बँका पूर्वी गड्ड्या स्टेपल करत, त्यामुळे न वापरलेल्या कोऱ्या नोटेलाही ती असतात.

नोटा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात ठेवा. पीव्हीसीचं पाकीट काही वर्षांत चिकट होऊन शाई ओढतं. नाशिकच्या पावसाळ्यात अल्बम भिंतीला टेकवू नका. डब्यात सिलिका जेल टाका आणि ऊन पडलं की अल्बम सावलीत उघडून हवा द्या.

‘७८६ची नोट द्या, लाखो मिळवा’ अशा जाहिरातीला आगाऊ शुल्क भरू नका. असल्या व्यवहारांत रिझर्व्ह बँकेचं नाव वापरलं जातं, असा इशारा बँकेनेच २०२१ साली दिला आहे. आणि २०१६ साली रद्द झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा एरवी एकूण दहापर्यंतच बाळगता येतात, अभ्यास-संशोधन किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत. त्यापुढे दंड आहे.