मूल 'हट्टी' आहे म्हणण्याआधी या चुका टाळा

"आमचा हल्ली फार हट्टी झालाय" हे मी सासूबाईंना, शेजारच्या काकूंना सगळ्यांना सांगत होते आणि पहिली चूक तीच. हट्टी म्हटलं की विषय संपतो, मग कारण शोधायचं कुणी?

माझा मुलगा पहिलीत आहे, सकाळची शाळा. संध्याकाळचे सात वाजले की चपला भिरकावणं, धाकटीला चिमटे, रडारड. शेवटी दोन आठवडे मी कालनिर्णयच्या चौकोनात लिहून ठेवलं, किती वाजता झालं, त्याच्या जरा आधी काय चाललं होतं आणि नंतर आम्ही काय केलं. यातलं 'आधी काय' हे अजिबात सोडू नका प्लीज, सगळं तिथेच सापडतं. ह्याच्या बाबांना ऑफिसातून घरी यायला दहा वाजतात, ट्रेन लेट असेल तर अजून उशीर, त्यांच्यासाठी हा जागा राहायचा, झोपायला अकरा आणि सकाळी सहाला उठवायचं, म्हणजे सात तास! 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागते. आणि झोप कमी पडली की लहान मुलं पेंगतातच असं नाही, उलट जास्त उड्या मारतात, चिडतात. त्यात डबा अर्धा परत यायचा. आता सहा वाजता पोटभर खाणं, नऊला झोप, बाबांशी गप्पा सकाळी दूध पिताना. चपला अजून उडतात, पण आठवड्यातून एखाद्या वेळी.

तो रडत असताना "का केलंस, बोल!" विचारू नका. त्याला तेव्हा खरंच सांगता येत नाही. शांत झाल्यावर जवळ घेऊन विचारा.

मोबाईलचं तर प्रत्येक घरात असतं. चार वेळा नाही म्हणायचं आणि पाचव्यांदा कंटाळून द्यायचा, यातून मूल एवढंच शिकतं की जास्त वेळ रडलं की मिळतो. बंद करायचं ठरवलंत तर पहिले काही दिवस रडणं वाढेलच, तेव्हा हार मानली तर पुढच्या वेळी अजून कठीण जातं, त्यामुळे आजी-आजोबांशी आधीच बोलून घ्या.

शरीराकडे पण बघा. सारखी सर्दी असेल तर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून कमी ऐकू येऊ शकतं आणि आपण म्हणतो ऐकतच नाही. जंतांमुळे रात्री खाज येऊन झोप मोडते, शी कडक होत असेल किंवा अंगात लोह कमी असेल तरी चिडचिड होते.

मूल स्वतःला मारून घेत असेल किंवा आधी बोलायचं ते बोलेनासं झालं असेल तर "मोठा झाला की होईल नीट" म्हणत थांबू नका. मुंबईत केईएम, सायन, नायर हॉस्पिटलला मुलांची ओपीडी आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फ्री आहे, मराठीत बोलता येतं. जाताना कालनिर्णयचं ते पान सोबत न्या, हे कधी होतं आणि कशानंतर होतं हे डॉक्टर विचारणारच.