भांड्यावरच्या नावावरून माणसं कशी शोधायची

माझ्याकडे लहानपणचं म्हणावं असं एकच आहे, पितळी फुलपात्र. 1984 साली मनमाडच्या फलाटावर मी रेल्वे पोलिसांना सापडले तेव्हा ते माझ्या हातात होतं. वय अंदाजे चार. पुढची चौदा वर्षं बालगृहात ते माझ्या पत्र्याच्या पेटीत राहिलं. त्यातून मी कुणाला पाणी पिऊ दिलं नाही.

तुमच्याकडेही असं नाव घातलेलं भांडं असेल तर आधी ते घासणं थांबवा. चिंच नको, राख नको, पितांबरी तर नकोच. दर घासण्याला अक्षरं झिजतात. भांडं कोरडं पुसा, अक्षरांवर तांदळाची पिठी चोळा आणि वरची पिठी बोटाने हलकेच पुसून टाका. टिंबांच्या खाचेत पीठ राहतं. मग खोलीत अंधार करून बॅटरी आडवी धरा आणि फोटो काढा. माझ्या फुलपात्रावर इतकं निघालं: ‘चि. सौ. कां. सूमन हीस मामाकडून, वि. रा. मो., वडगाव, 7-5-78’.

इथे मी मोठी चूक केली. ‘मो.’ हे माझंच आडनाव समजून दोन वर्षं मोरे, मोहिते, मोकाशी करत फिरले. अहो, लग्नातल्या भांड्यावर नाव देणाऱ्याचं असतं! ज्याचं नाव आहे तो सुमनचा मामा, म्हणजे सुमन माझी आई असेल तर हे तिचंसुद्धा आडनाव नव्हे. हे मला डेपोतल्या एका बाईने डबा खाताना सांगितलं. तेव्हा ‘कडून’च्या आधी काय आहे ते नीट बघा. मामा, आत्या, मावशी, काहीही असेल, पण शोध देणाऱ्याच्या घरापासून सुरू करायचा आणि तिथे विचारायचं, ‘तुमची अमुक नावाची भाची कुठे दिली होती?’

आता गाव. मी एसटीत कंडक्टर आहे, वडगावं किती आहेत ते मला विचारा. नुसत्या गावाच्या नावाने काही होत नाही, म्हणून तुमची बालगृहाची फाइल मिळवा. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात साधा अर्ज करा. टोलवाटोलवी झाली तर माहितीच्या अधिकारात ‘जोडपत्र अ’ भरा, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. मला पहिल्यांदा ‘अभिलेख आढळत नाही’ असं आलं. अपील केलं, मग आढळला. दत्तक गेला असाल तर रस्ता वेगळा: अठरा पूर्ण झाल्यावर मूळशोधासाठी स्वतः अर्ज करता येतो, पण सोपवताना आईवडिलांनी नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर त्यांची संमती लागते.

फाइलमध्ये अडीच पानं होती. त्यातली एक ओळ कामाची निघाली: ‘मुलगी अहिराणी बोलते.’ मला आज अहिराणीचा एक शब्द येत नाही. पण त्या ओळीने पुण्या-कोल्हापूरकडची सगळी वडगावं एका फटक्यात गेली, खानदेशातली उरली. तेव्हा फाइलमध्ये फक्त नावं शोधू नका. बोली, अंगावरचे कपडे, गोंदण, कोणत्या गाडीतून उतरलात, सगळं उतरवून घ्या.

गाव आणि आडनाव दोन्ही हाती असतील तर नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्याही, म्हणजे तीर्थाला आलेल्या घराण्यांची नावं उतरवलेल्या त्यांच्या वह्याही, बघून घ्या. मला तिथवर जावं लागलं नाही. चौथ्या वडगावात पारावरच्या म्हाताऱ्यांनी घर दाखवलं.

घर सापडलं तरी थेट दार वाजवू नका. आधी गावातल्या कुणाकडून निरोप पाठवा. सोबत एक माणूस न्या, मोबाइल पिशवीत ठेवा. ‘मला का सोडलं’ हा प्रश्न पहिल्या दिवशी नको.

मामा गेले होते, मामी होत्या. ऐंशीच्या पुढच्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, फुलपात्र हातात घेऊन उलटं केलं, चुकीच्या ‘सू’वर अंगठा फिरवला.

“येनासंगे तांब्या बी व्हता,” म्हणाल्या.