परदेशातला वारसा नको असेल, तर या चुका टाळा

जर्मनीच्या कोर्टाचं पाकीट शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी आलं, तेव्हा माझे वडील, आबा, सोप्यात पेपर वाचत बसले होते. माझे थोरले चुलते तिकडं वारले होते. शेताच्या वाटणीवरून भांडून गेले ते गेलेच. पुढं ना पत्र, ना फोन. बायको-मुलं नव्हती. आबांनी नाव वाचलं आणि म्हणाले, "त्याचं काय बी नको आपल्याला. टाक फाडून." मी फाडलं नाही, टीव्हीखालच्या कप्प्यात टाकलं. आमची पहिली चूक तीच.

आपल्याकडची समजूत अशी, की हात लावला नाही म्हणजे सुटलो. जर्मन कायद्यात मात्र गप्प बसणं म्हणजे होकार. मुदतीत नकार पोचला नाही, तर वारसा स्वीकारला असं धरतात आणि त्याच्यासोबत मयताची कर्जंही गळ्यात येतात. मुदत एरवी 6 आठवडे. वारस परदेशात असेल तर 6 महिने, आणि तीही आपण वारस आहोत हे कळल्यापासून. पाकीट कप्प्यात दोन महिने पडून होतं. शेवटी राजारामपुरीतल्या, जर्मन शिकणाऱ्या एका मुलीनं ते वाचलं आणि मुदतीच्या ओळीखाली पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या. त्या रेघा बघून आबांनी पहिल्यांदा चष्मा पुसला.

मग दुसरी चूक होता होता राहिली. ओळखीतले एक जण म्हणाले, "एवढंच ना? पाचशेच्या स्टॅम्पवर आत्याच्या नावानं हक्कसोड करून टाका." इथल्या सातबाऱ्यावरच्या हिश्शासाठी हक्कसोडपत्र ठीक आहे, ते दुय्यम निबंधकांकडं नोंदवलं की काम होतं. पण 17 ऑगस्ट 2015 पासूनच्या मृत्यूंना जर्मनीत युरोपीय संघाचा नियम लागतो आणि त्यात साधारणपणे मयताचं शेवटचं वास्तव्य जिथं, तिथला कायदा चालतो. म्हणजे आमच्या बाबतीत जर्मन कायदा, आणि त्यात नकाराला अट घालता येत नाही. 'माझा वाटा बहिणीला मिळणार असेल तरच नको' असं लिहिलंत, तर तो नकारच ठरत नाही. फ्लॅट ठेवतो आणि कर्ज सोडतो, हेही जमत नाही. घ्यायचं तर सगळं, सोडायचं तर सगळं.

म्हणून आधी देश कोणता ते बघा. इंग्लंडमध्ये मयताचं कर्ज त्याच्याच मालमत्तेतून फिटतं, वारसाच्या खिशातून नाही. तिथं घाबरून धावपळ करायचं कारण नसतं. अमेरिकेच्या करकायद्यात नकार धरला जायला तो लेखी हवा, साधारण 9 महिन्यांच्या आत हवा, आणि आधी कसलाही फायदा घेतलेला नसावा. आपला वाटा कुणाला जावा हेही तुम्ही सांगायचं नाही.

सहीचा घोळ सगळ्यात मोठा. कसबा बावड्यात कोर्टाबाहेर नोटरीचा शिक्का मारून घेतला की झालं, असं मलाही वाटत होतं. जर्मन कोर्टाला सही प्रमाणित केलेली लागते. आम्ही ती मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासात करून घेतली. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी रांग. आणि एक बारीक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती: मुदत सहीच्या दिवशी थांबत नाही, कागद कोर्टात पोचल्यावर थांबते. कुरियरची पावती जपून ठेवा आणि पोच मागून घ्या.

आबांनी नकार दिला आणि सुटले, असंही नाही. चुलत्यांना मूल नव्हतं म्हणून वारसा भावाकडं आला. भावानं सोडला की तो भावाच्या मुलांकडं, म्हणजे माझ्याकडं नि दादाकडं. आम्ही सोडला की दादाच्या सात वर्षांच्या लेकाकडं! त्याच्या वतीनं आई-वडील दोघांनीही सही करायची असते. तेव्हा घरातल्या सगळ्यांची खेप एकदाच करा. आमच्या दोन झाल्या.

नकार देण्याआधी काय सोडतोय ते विचारायला मात्र लाजू नका, कारण एकदा दिलेला नकार सहजासहजी मागं घेता येत नाही. भारतात वारसा कर नाही. मयताच्या मालमत्तेवरचं शुल्क (इस्टेट ड्यूटी) 1985 मध्येच बंद झालं. परदेशात राहणाऱ्याकडून वारसानं आलेली तिथली मालमत्ता परकीय चलनाच्या, म्हणजे फेमा कायद्यानुसार आपल्याला ठेवताही येते. फक्त प्राप्तिकराच्या विवरणपत्रात ती दाखवावी लागते, लपवली तर 10 लाखांचा दंड बसू शकतो. नुसत्या रागापोटी सोडायचं असेल तर तेही ठीक, पण ठाऊक असून सोडा.

आणि तुम्हाला कधी न ऐकलेल्या नातेवाइकाच्या कोट्यवधींचा ईमेल आला आणि 'आधी प्रक्रिया शुल्क भरा' म्हणत असेल, तर ती फसवणूक. पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करा.

शेवटची चूक आबांच्या हातून व्हायची होती. चुलत्यांच्या खोलीत रंकाळ्यावरचा दोघा भावांचा एक जुना फोटो आहे, असं तिथल्या शेजाऱ्यानं कळवलं. आबा म्हणाले, तेवढा मागव. मी थांबवलं, मयताच्या वस्तू आपल्याशा करणं म्हणजे वारसा घेतला, असा अर्थ लावला जाऊ शकतो. सगळ्यांचे नकार पोचल्याची पोच आल्यावर कोर्टालाच लिहिलं, की फोटो मिळेल का. दर दोन दिवसांनी आबा विचारतात, पोस्टमन येऊन गेला का.