कोकणातल्या घरात मोठा मकाव पाळायचा असेल तर

मोठा मकाव, म्हणजे लांब शेपटीचा विदेशी पोपट, घरी आणू पाहणाऱ्याने आधी स्वतःचे वय आणि घरातील माणसे मोजावीत. पिंजऱ्याचे माप त्यानंतर घ्यावे. निळा-पिवळा मकाव नीट सांभाळला तर 50 वर्षे आणि त्याहूनही अधिक जगू शकतो. चाळिशीत आणलेले पिल्लू म्हणजे बहुधा पुढच्या पिढीच्या हाती जाणारा पक्षी, आणि कोकणात ती पुढची पिढी सहसा मुंबईत असते. ऐसपैस घर, मोकळे परसू, शेजार हाकेच्या अंतरावर पण भिंतीला भिंत न लागलेला, अशी मकावला सोयीची जागा ज्या वाड्यांमध्ये सापडते, तेथेच गणपती-शिमगा सोडला तर दोन वृद्ध माणसे एकटी राहत असतात. मुलाने हौसेने घेतलेला आणि सोसायटीतून आवाजाच्या तक्रारी आल्यावर गावी धाडलेला पक्षी सत्तरीच्या आईवडिलांच्या गळ्यात पडावा, हा या छंदातील सर्वांत वाईट प्रकार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मकावचे आकर्षण मात्र खोटे नव्हे. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत 80 ते 90 सेंटीमीटर लांबी, किलोभर वजन आणि डोळे दिपवणारे रंग हे पहिल्या दर्शनाचे झाले. माणूस गुंततो तो त्याच्या लक्ष देण्यात. निळ्या-पिवळ्या मकावच्या गालाची कातडी उघडी, पांढरी असते आणि तिच्यावर काळ्या पिसांच्या बारीक रेघा असतात. ओळखीचे माणूस पडवीत आले की ही कातडी गुलाबी होते, डोळ्यांतील बाहुल्या क्षणाक्षणाला लहान-मोठ्या होतात आणि मानेवरची पिसे फुलतात. ही खुणांची भाषा शिकल्याशिवाय त्याला हाताळू नये, कारण आनंदाने उत्तेजित झालेला आणि चावण्याच्या बेतात असलेला मकाव दिसायला जवळजवळ सारखाच असतो. अशा वेळी हात पुढे न करता त्याला निवू द्यावे. केवळ बोलका पक्षी हवा असेल तर मकाव घेऊ नये. तो काही शब्द उचलतो, परंतु उच्चारांच्या स्पष्टतेत आफ्रिकन ग्रे हा राखाडी पोपट त्याच्या पुढे आहे.

खरेदीपूर्वी कागदपत्रे पाहावीत. वन्यजीव संरक्षण कायद्यातील 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि त्यानंतर 2024 मध्ये आलेल्या नियमांनुसार अशा विदेशी प्रजातींची नोंद ‘परिवेश’ या शासकीय संकेतस्थळावर करावी लागते; पक्ष्याचे हस्तांतरण, प्रजनन आणि मृत्यू यांचीही नोंद अपेक्षित आहे. निळा-पिवळा आणि ग्रीन-विंग हे मकाव साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, तर स्कार्लेट आणि हायसिंथ पहिल्या, अधिक कडक परिशिष्टात येतात. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून पक्षी घेऊ नये. तसेच हाताने भरवावे लागणारे पिल्लू स्वस्त मिळते म्हणून नवख्याने आणू नये. भरवण्याच्या मिश्रणाचे तापमान जरा चुकले तरी त्याची अन्नाची पिशवी भाजते.

पिंजऱ्याच्या बाबतीत किनारपट्टीची स्वतःची अडचण आहे. साधे लोखंड खाऱ्या हवेत लवकर गंजते, आणि गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली जाळी घ्यावी तर मकाव ती चोचीने खरवडतो आणि जस्ताची विषबाधा होते. म्हणून खर्च जास्त झाला तरी स्टेनलेस स्टीलच घ्यावे. किमान 3 फूट रुंद, 4 फूट लांब आणि 5 फूट उंच ही रात्रीच्या मुक्कामाची सोय समजावी; दिवसाचे काही तास त्याला बाहेर, माणसांत मिळालेच पाहिजेत. साधी कडी तो जिभेने आणि चोचीने चाचपत उघडतो, त्यामुळे कुलूप लावावे. दांडीसाठी पेरूची फांदी उत्तम. आंब्याची चालते, पण फवारणी झालेल्या हापूसच्या बागेतील नको. काजूची चिकामुळे आणि कण्हेरीची विषामुळे कटाक्षाने टाळावी.

आवाजाबद्दल विक्रेते फारसे बोलत नाहीत. सकाळी आणि तिन्हीसांजेला थव्याला साद घालणे हा मकावचा स्वभाव आहे आणि ती साद 100 डेसिबलच्या आसपास जाते. ओरडल्यावर धावत जाऊन त्याला गप्प करू पाहिले की ओरडण्याने माणूस येतो हे तो लगेच शिकतो. तो शांत असताना किंवा हळू आवाज काढताना जवळ जावे, शेंगदाणा द्यावा, दोन शब्द बोलावे.

दमट हवेला मकाव घाबरत नाही, तो मूळचा दक्षिण अमेरिकेच्या पावसाळी जंगलातील. पागोळ्यांखाली भिजायला त्याला आवडतेही. आषाढ-श्रावणात खरा धोका बुरशीचा असतो. सादळलेल्या शेंगदाण्यातील बुरशीचे विष यकृत बिघडवते, आणि बंद, कोंदट खोलीतील बुरशीमुळे फुप्फुसांचा आजार जडतो. धान्य थोडे आणावे, घट्ट डब्यात ठेवावे आणि कापलेली फळे-भाज्या दोन तासांत उचलाव्यात. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर पक्षी लठ्ठ होतो आणि जीवनसत्त्व ‘अ’ला मुकतो. पेलेट्स म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या; त्यांच्या जोडीला शेवग्याचा पाला, लाल माठ, भोपळा, गाजर, पपई आणि खोबऱ्याचा तुकडा असा आहार गावात सहज जमतो. सोडणासकट नारळ दिला तर तो तासन्तास त्यात गुंततो, आणि दारे-खिडक्यांच्या चौकटी वाचतात. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी आणि खारवलेले पदार्थ अजिबात देऊ नयेत. चुलीचा धूर जाईल तेथे पिंजरा नको. नॉनस्टिक भांडे रिकामे तापले तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो.

आजार लपवणे हा पक्ष्यांचा स्वभाव असल्याने स्वयंपाकघरातील वजनकाटा येथे फार उपयोगी पडतो. ठरावीक दिवशी, सकाळी खाण्यापूर्वी वजन करून वहीत मांडावे, आणि ते दहा टक्क्यांनी उतरले तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा. तालुक्याच्या पशुवैद्याचा अनुभव मुख्यतः गुराढोरांचा असतो. पक्ष्यांचा जाणकार बहुधा मुंबईत किंवा पुण्यात भेटतो. तो कोण, हे पक्षी आणण्यापूर्वीच ठरवावे आणि प्रवासाचा लहान पिंजरा तयार ठेवावा. एकटेपणाने कंटाळलेला मकाव स्वतःची पिसे उपटू लागतो, आणि ही खोड एकदा लागली की सहसा सुटत नाही.

पट्टा न बांधता त्याला अंगणात सोडू नये, पंख कातरलेले असले तरी. कावळे मागे लागले आणि वारा मिळाला की घाबरलेला पक्षी खाडीपलीकडे जातो. गणपतीत फटाके आणि शिमग्यात ढोल वाजतात, तेव्हा पिंजरा माजघरात, आतल्या बाजूला हलवावा. घरचे सगळे परगावी जाणार असतील तर शेजाऱ्याने केवळ दाणापाणी टाकून चालत नाही. पक्षी ज्याच्या हातावर येतो असे दुसरे माणूस पहिल्या वर्षापासूनच तयार करावे. पुढे पक्षी त्याच्याकडेच जायचा असेल तर त्याची संमती आधी घ्यावी आणि नोंदणीचे कागद, वजनाची वही व डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक एकाच पिशवीत, त्याला ठाऊक असलेल्या जागी ठेवावेत.